गारठलेले सेल

वहिनींना सगळी गल्ली वहिनी म्हणायची, आणि त्यात वयाचा काही संबंध नव्हता. नवरा हयात होता तेव्हा तो सगळ्या गल्लीचा दादा होता, म्हणून ही सगळ्या गल्लीची वहिनी. दादा जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण नातं काही सुटलं नाही. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानाचा मालक त्यांच्यापेक्षा चांगला दहा वर्षांनी मोठा, तोही "या वहिनी, बसा वहिनी" करायचा. वहिनींनी कधी हरकत घेतली नाही. फुकटात मिळालेले दीर कोण परत करतो?

चढाच्या रस्त्यावरचं शेवटचं घर त्यांचं. पुढे रस्ता संपतो आणि झाडी सुरू होते. पुढच्या खोलीत पायाचं शिलाई मशीन, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले लोकांचे कोट आणि खिडकीत बॉबिनांचा डबा. नवीन कपडे वहिनी शिवत नसत. चेन बदलणं, अस्तर लावणं, कुणाचं पोट सुटलं म्हणून शिवण सोडणं, कुणी वाळलं म्हणून आत घेणं, असली कामं. "नवं शिवायला दुकानं पडलीत. माझ्याकडे बिघडलेलं आणा," असं त्या सांगायच्या. हिवाळा हा त्यांच्या सुगीचा काळ, कारण कोटाची चेन नेमकी कडाक्याच्या थंडीतच दात सोडते. गंमत म्हणजे त्याच दिवसांत मशीनही अडून बसायचं. गारठ्यानं आतलं तेल घट्ट व्हायचं आणि पायडल ढिम्म हलायचं नाही. मग वहिनी सकाळी मशीनच्या डोक्याशी दिवा लावून ठेवायच्या आणि ते ऊब धरेपर्यंत चहा प्यायच्या. हे त्या इतकी वर्षं करत होत्या, की त्याकडे त्यांचं लक्षही जात नसे.

घराच्या मागे खुराडं होतं. त्यात मोजक्या कोंबड्या आणि त्यांच्यावर हुकमत गाजवणारी एक तांबडी, जिला वहिनी 'हेडबाई' म्हणत. दिवस कलला की हेडबाई सगळ्यांना हाकलत आत न्यायची, शेवटी आपण जायची, आणि मग वहिनी जाऊन दार लावायच्या. मागच्या हिवाळ्यात असंच दार लावायला जाताना त्या बर्फावरून घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं. उजवं मनगट, तेही शिवणकाम करणाऱ्या बाईचं. मुलगा खालच्या शहरातून धावत आला. त्याचं घर मोठं, गरम, सून स्वभावानं चांगली. "आई, बास झालं आता. चल आमच्याकडे," तो म्हणाला.

"आणि कोंबड्या?"

त्यानं कपाळाला हात लावला. पण तोही वहिनींचाच मुलगा, सहजासहजी हार मानणारा नव्हता. या वेळी थंडी सुरू व्हायच्या आधी तो एक खोकं घेऊन आला. त्यात खुराड्याला लावायचं आपोआप चालणारं दार होतं. उजेड गेला की खाली येणार, उजेड आला की वर जाणार. चार पेन्सिल सेल घातले की झालं.

"आता अंधार पडल्यावर मागे पाऊल टाकायचं नाही," त्यानं बजावलं. "हे दार चालतंय तोवर तू इथं राहा, मी एका शब्दानं बोलणार नाही. नाही चाललं, तर गाडी घेऊन येतो. मग रडायचं नाही."

वहिनींनी कबूल केलं. आपलं घर, आपलं मशीन, आपल्या खिडकीतला उजेड, हे सगळं आता चार सेलांवर उभं आहे हे त्यांना तेव्हा नीट कळलं नव्हतं.

सेल आणायला त्या कोपऱ्यावर गेल्या. "बाहेर लावायचंय? मग जरा दणकट घ्या," दुकानदार म्हणाला आणि ज्या सेलवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत 'हेवी ड्यूटी' लिहिलं होतं, ते त्यानं काढून दिले. यात त्याची काही लबाडी नव्हती. अक्षर मोठं तो माल भारी, असं तो स्वतःही मनापासून समजत होता. ज्याच्या अंगात काही नसतं त्यालाच ते कपाळावर लिहून हिंडावं लागतं, हे माणसांच्या बाबतीत त्याला पक्कं ठाऊक होतं. सेलच्या बाबतीत त्याला ते सुचलं नाही, इतकंच.

सुरुवातीला दार छान चाललं. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहून बघायच्या. हेडबाई आत गेली की थोड्या वेळानं दार घर्र करत खाली यायचं, आणि वहिनी मान डोलवायच्या. मग एक दिवस थंडीनं खरा रंग दाखवला. नळाच्या तोंडाशी बर्फाची दांडी लटकली. सकाळी वहिनी मागे गेल्या तर दार अर्ध्यावर अडकलेलं, खुराड्यात सगळ्या एका कोपऱ्यात गोळा झालेल्या आणि बाहेर ठिपकेवालीची पिसं. कोल्हा काकडीला राजी असं म्हणतात. पण हा कोल्हा काकडीवाला नव्हता.

वहिनींना फार वाईट वाटलं. ठिपकेवाली तशी बावळट होती, पण अंडं रोज द्यायची. त्यांनी दारातले सेल काढले, घरात आणून शेगडीवरच्या फळीवर बिस्किटाच्या डब्यात टाकले आणि मशीनच्या खणातले कोरे सेल नेऊन घातले. खणात नवे, डब्यात जुने, अशी त्यांची पद्धत. सुया, बटणं, चेनची डोकी सगळ्याला त्यांच्याकडे जागा होती, आणि डोळे मिटून हात घातला तरी नेमकी वस्तू हाताला लागायची. पुन्हा दोन-चार दिवस बरे गेले आणि पुन्हा दार अडलं. पुन्हा नवे सेल. डबा भरत आला, तेव्हा तो घेऊन त्या दुकानात गेल्या, कारण दुकानदार मेलेले सेल भंगारासाठी गोळा करायचा.

या दुकानदाराची एक सवय होती. टेस्टरला लावून बघितल्याशिवाय तो एकही सेल भंगाराच्या पेटीत टाकत नसे. त्यानं वहिनींच्या डब्यातला पहिला सेल लावला. काटा टुणकन हिरव्यावर. दुसरा लावला. हिरवा. तिसरा, चौथा, सगळे हिरवे.

"वहिनी, अहो हे तर ठणठणीत आहेत!"

"कसे असतील? दार अडलं की ह्यांच्यावर."

"काटा बघा ना. काट्याला काय पडलंय खोटं बोलायला?" मग तो आवाज मऊ करून म्हणाला, "नवे-जुने मिसळले असतील तुमच्याकडून. होतं असं."

होतं असं. वहिनी चढ चढून घरी येईपर्यंत ते दोन शब्द त्यांच्या डोक्यात घोळत राहिले. म्हणजे आपण जुने समजून नवे डब्यात टाकले आणि नवे समजून जुने दारात घातले? एकदा नाही, प्रत्येक वेळी? आपण, जिनं उभ्या आयुष्यात कुणाच्या कोटाला दुसऱ्याचं बटण लावलं नाही?

वहिनी घाबरल्या. त्यांना कारण होतं, आणि ते कारण म्हणजे अक्का.

अक्का त्यांची थोरली बहीण. पूर्वी ती खालच्याच घरात राहायची. त्या घराला पुढे काचा लावलेला व्हरांडा होता, ऊन भरपूर पण ऊब नावाला नाही. अक्का सकाळी तिथं गोधडी पांघरून बसायची आणि छोट्या रेडिओवर गाणी ऐकायची. एका हिवाळ्यात तिचं एकच टुमणं सुरू झालं. "अगं धाकटे, कालच सेल घातले, आज रेडिओ मुका." वहिनी रेडिओ उचलून आपल्या स्वयंपाकघरात आणायच्या, हातातलं काम आवरून शेगडीपाशी बसून बटण फिरवायच्या, की रेडिओ गायला लागायचा. त्या तो तसाच गात परत न्यायच्या. "हा बघ. वाजतोय की." अक्का बघत राहायची. "माझ्याकडे नाही वाजत गं," म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरात या गोष्टीवर सगळे हसायचे. अक्काचा रेडिओ फक्त धाकटीकडेच गातो! मग हळूहळू हसणं थांबलं. अक्का चिडायला लागली, गप्प राहायला लागली. मग एकदा तिनं इस्त्री कपाटात चादरींखाली ठेवली आणि दिवसभर शोधली. तिचा मुलगा येऊन तिला शहरात घेऊन गेला. आता तर ती माणसं विसरत होती. अक्काचं डोकं कधीपासून बिघडलं असं कुणी विचारलं, की घरातलं कुणीही सांगायचं, रेडिओपासून.

आणि आता वहिनींचे सेल.

त्यांनी त्यावर त्यांच्या धंद्यातली तोड काढली. नवे सेल आणले, की दुकानातच प्रत्येकाच्या पोटावर तांबड्या धाग्याचा एक वेढा घालून गाठ मारायची. आता मिसळून दाखवा म्हणावं! दार अडलं. वहिनी लगबगीनं गेल्या. दारात तांबड्या धाग्याचेच सेल होते. सुटकेचा श्वास टाकून त्यांनी ते काढले, घरी फळीवर ठेवले, दुसऱ्या दिवशी दुकानात नेले. काटा हिरव्यावर.

आता मात्र त्यांची मती गुंग झाली. सेल नवे, दारात तेच, तरी दार बंद पडतं; आणि बंद पडलेले सेल जिवंत. मग धागा आपणच जुन्यांना बांधला असेल का? दुकानात बांधला हे आठवतंय. पण आठवतंय म्हणजे झालंच असेल कशावरून? विचार करता करता एका गिऱ्हाइकाच्या पँटचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड झाला, आणि त्या ते उसवत बसल्या.

दाराचा तऱ्हेवाईकपणा तर काही विचारू नका. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, उजेड ओळखणाऱ्या डोळ्यावर त्यांनी तळवा धरला की दार शहाण्यासारखं खाली यायचं. तळवा काढला की वर. संध्याकाळी तेच दार हातभर येऊन उभं. एखाद्या दिवशी दुकानातून आणलेले सेल कोटाच्या आतल्या खिशात ठेवून त्या गिऱ्हाइकाकडे जायच्या, संध्याकाळी परतल्यावर तसेच नेऊन दारात घालायच्या, आणि दार झटक्यात बंद व्हायचं. दुसऱ्या संध्याकाळी त्याच सेलांवर ढिम्म. या सगळ्याला काही नियम असेल, तर तो वहिनींना दिसत नव्हता. त्यांना वाटायचं, दार आपली परीक्षा घेतंय आणि आपण रोज नापास होतोय.

मुलाचा फोन यायचा. "दार काय म्हणतंय?"

"चालतंय की. घड्याळासारखं."

आणि फोन ठेवला की वहिनी टॉर्च घेऊन, भिंतीला धरून, बर्फावरून मागे जायच्या आणि हातानं दार ओढून घ्यायच्या.

सल्ला द्यायला माणसं काय, पैशाला पासरी. पोस्टमन म्हणाला, अल्कलाइन घ्या. ते घेतले, जास्त दिवस टिकले, वहिनींच्या जीवात जीव आला, आणि ऐन कडाक्यात त्यांनीही मान टाकली. दूधवाली म्हणाली, चार्जिंगचे घ्या, एकदाच काय तो खर्च. ते घातल्याबरोबर दाराचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला, जणू त्याला ते आवडलेच नाहीत. दुकानदार टेस्टर पुढे करून एवढंच म्हणायचा, "वहिनी, सेल चांगले आहेत." हल्ली तो हे बोलताना नजर चुकवायचा. ते वहिनींना जास्त लागायचं.

आणि मग एका रविवारी, न कळवता, मुलगा दारात उभा राहिला. आल्या आल्या तो कोंबड्या बघायला मागे गेला आणि लगेच परत आला.

"आई, बर्फात ही पावलं कुणाची आहेत?"

"माझीच. सकाळी दाणे टाकायला जाते की."

"दाणे टाकायला टॉर्च लागतो?" खुराड्याच्या खिळ्यावर विसरलेला टॉर्च त्यानं टेबलावर ठेवला.

वहिनी मशीनवरच्या कोटाकडे बघत राहिल्या.

"फोनवर तू रोज सांगत होतीस, दार लागतं म्हणून," मुलगा म्हणाला. तो चिडला नव्हता, आणि तेच वाईट होतं. तो खुर्ची ओढून समोर बसला आणि अगदी हळू बोलला. "खोटं सांगत होतीस, की लागत नाही हे तुझ्या लक्षातच राहत नव्हतं? खरं सांग. मला फक्त कळायला हवंय."

इकडे आड, तिकडे विहीर. खोटं बोलले म्हणावं तर यापुढे फोनवरच्या एकाही शब्दावर त्याचा विश्वास बसणार नाही. विसरले म्हणावं तर गाडी बाहेर उभीच आहे. आपण खोटं बोललो हे त्यांना अगदी पक्कं आठवत होतं. पण अक्कालाही सगळं पक्कंच आठवायचं.

"मला कळत नाही रे," त्या शेवटी म्हणाल्या. "मी नवे घालते. खरंच घालते. आणि ते मरतात. आणि दुकानात नेले की जिवंत होतात. माझंच काहीतरी बिघडलंय."

मुलानं खुर्ची मागे सारली. मग म्हणाला, "थंडी संपेपर्यंत चल. नंतर बघू." वहिनींनी वाद घातला नाही. कोट कोणाकोणाचे द्यायचे राहिलेत ते सांगितलं, हेडबाईला आणि बाकीच्या कोंबड्यांना दूधवालीकडे सोडायचं ठरवलं, आणि बिस्किटाचा डबा उचलला. "हा तेवढा दुकानात देऊन येऊ. उगाच घरात नको." पहिल्यांदाच त्यांना तो डबा डोळ्यांसमोर नको होता.

दुकानात हीटर लावलेला होता आणि त्याच्या शेजारी, काउंटरवर, टेस्टर. एक गिऱ्हाईक होतं, डोंगरावरच्या रोपवेचा मेकॅनिक, कानटोपी घातलेला, गप्प माणूस. दुकानदारानं सवयीप्रमाणे डब्यातला एक सेल काट्याला लावला. हिरवा. त्यानं मुलाकडे अशा नजरेनं बघितलं, की न बोलता सगळं सांगून झालं. वहिनींनी मान खाली घातली.

"दार कुठे आहे तुमचं?" मेकॅनिकनं अचानक विचारलं.

"मागे. बाहेर," वहिनी म्हणाल्या.

"आणि सेल तपासता इथं, हीटरपाशी." त्यानं डब्यातले चार सेल उचलले, दुकानाचं दार उघडलं आणि पायरीवरच्या बर्फात ते एका ओळीत आडवे टाकले. "राहू द्या जरा. काका, तोवर चहा पाजा."

चहा झाला. दुकानदार घुश्शात होता, कारण त्याच्या टेस्टरवर कुणी शंका घेतलेली त्याच्या हयातीत ही पहिलीच वेळ. मग सगळे टेस्टर घेऊन बाहेर आले. मेकॅनिकनं पायरीवरच वाकून सेल टेस्टरला लावला. काटा थोडा हलला आणि तांबड्यातच बसून राहिला. दुकानदारानं टेस्टर झटकला, थोपटला, दुसरा सेल लावला. तांबडा. तिसरा, चौथा, तांबडेच.

"आत्ता तर हिरवे होते!" मुलगा म्हणाला.

"मुठीत धरा," मेकॅनिकनं एक सेल वहिनींच्या हातात दिला. "घट्ट. तुमच्या कोटात घाला हात."

वहिनींनी मूठ कोटात, पोटाशी धरली. सेल इतका गार होता की तळवा दुखला. सगळे त्यांच्याकडे बघत उभे राहिले. चांगला वेळ गेल्यावर मेकॅनिक म्हणाला, "आणा." काटा थरथरला, वर सरकला आणि हिरव्याला जाऊन टेकला.

"मेला नव्हता," तो म्हणाला. "गारठला होता. सेलच्या आत रसायन असतं, त्यातून वीज निघते. थंडीत तो कारभार मंदावतो. भिंतीवरचं घड्याळ चालेल त्यावर, त्याला लागतं कितीसं? पण दार ओढायला मोटार जोर मागते, तिथं तो हात टेकतो. आत नेऊन ऊब दिली की पुन्हा शहाणा."

"माझं मशीन सकाळी असंच करतं," वहिनी हळूच म्हणाल्या.

"तेच ते." मग आत येऊन त्यानं दुकानदाराच्या मांडणीकडे बोट दाखवलं. "हे मोठ्या अक्षरांचे आहेत ना, ते थंडीत सगळ्यांत आधी बसतात. अल्कलाइन बरे, पण कडाक्यात तेही दमतात. चार्जिंगचे थंडीला तसे टिकतात, पण मुळात त्यांचा दाब जरा कमी; तुमच्या दाराला तो पुरत नसणार, म्हणून दिवा लुकलुकला. उघड्यावर लावायचं आणि अडून चालायचं नाही, तर हे. लिथियम. डोंगरावर वारा मोजायचं यंत्र आहे, त्यात मी हेच घालतो. फक्त दाराच्या पुस्तिकेत चालतात असं लिहिलंय का बघा."

मुलानं तिथल्या तिथं फोनवर पुस्तिका काढून बघितली. चालतात, लिहिलं होतं. वहिनींनी सेल तळव्यावर घेतला. तो इतका हलका होता की त्यांना संशय आला. "ह्याच्यात काही भरलंय ना?"

"भरलंय. आणि एक लक्षात ठेवा, हे आधी कुरकुर करत नाहीत. शेवटपर्यंत भरल्यासारखे वागतात आणि एकदम संपतात. तेव्हा दर हिवाळ्याच्या आधी बदलून टाकायचे, वाट बघायची नाही."

दुकानदार कपाळावर हात मारून हसायला लागला. "वहिनी, म्हणजे मी तुम्हाला सबंध हिवाळा वेड्यात काढलं की हो!" मुलगाही हसला, मग त्याचा चेहरा बदलला. त्यानं वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, तुझं काही बिघडलेलं नाही. माझं चुकलं."

वहिनी हसल्या नाहीत. त्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांची मूठ पुन्हा कोटात गेली होती. त्यांना काचांचा व्हरांडा दिसत होता. गोधडी पांघरलेली अक्का दिसत होती. आपण रेडिओ उचलून उबदार स्वयंपाकघरात नेतोय आणि तो गात असतानाच परत आणतोय, हे दिसत होतं. माझ्याकडे नाही वाजत गं. मुलाला वाटलं, आनंदानं आईला भरून आलंय.

त्या संध्याकाळी दोघं खिडकीत उभे राहिले. हेडबाईनं सगळ्यांना आत ढकललं, मागे वळून एकदा अंगणाकडे बघितलं आणि आपण गेली. दार घर्र करत खाली आलं आणि टेकलं. मुलगा एकटाच गाडी घेऊन परत गेला.

पुढच्या आठवड्यात वहिनी बसनं शहरात गेल्या, अक्काकडे. पिशवीत अक्काचा रेडिओ होता. तो इतकी वर्षं त्यांच्याच घरात, कपाटावर पडून होता. शहरात नेऊन काय करायचाय, म्हणून कुणी पाठवलाच नव्हता.

अक्का खिडकीशी खुर्चीत बसली होती. तिनं वहिनींकडे बघितलं आणि विचारलं, "माझा कोट झाला का शिवून?"

"अक्का, मी धाकटी."

"हो का?" अक्का म्हणाली.

वहिनींनी खुर्ची बाल्कनीत नेली, अक्काला नीट पांघरूण घालून तिथं बसवलं आणि रेडिओ कठड्यावर गारठ्यात ठेवून दिला. आत लिथियमचे सेल होते. दोघी बराच वेळ तिथं बसल्या. रेडिओवर हात ठेवून बघितलं, तर तो बर्फासारखा गार पडला होता. मग वहिनींनी बटण फिरवलं. रेडिओ गायला लागला. अक्काची बोटं पांघरुणावर ताल धरायला लागली.

"अक्का, ऐक," वहिनी म्हणाल्या. "तुझे सेल नवेच होते. तू घातले होतेस. ते थंडीनं बसायचे. मी घरात न्यायचे, तिथं ऊब होती, म्हणून वाजायचा. तुझं काही चुकलं नव्हतं गं. आम्हाला कळलं नाही."

अक्कानं ताल थांबवला. तिनं वहिनींकडे बघितलं, आणि त्या नजरेत कितीतरी दिवसांनी ओळख होती.

"मी म्हणत होते की," ती म्हणाली. मग थोडा वेळ विचार करून तिनं विचारलं, "मग मला इथं कशाला आणलंत?"

वहिनींना इस्त्रीची गोष्ट आठवली, विसरलेली माणसं आठवली. ते आजारपण तेव्हापासून होतंच का? की आपलं डोकं गेलंय असं सगळ्यांकडून ऐकून ऐकून अक्कानंच ते जाऊ दिलं? त्यांना ते कळेना. ते सांगणारा टेस्टर कुणाकडे नव्हता. रेडिओ गात होता. अक्का त्यांच्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत. तिचे हात गार पडले होते. वहिनींनी ते आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि चोळत बसल्या.